म्यूऑनचं गणित जुळलं तेव्हा

माझ्या वडिलांना माझ्या संस्थेतल्या एकाही माणसाचं नाव नीट सांगता येत नसे, पण म्यूऑन म्हणजे काय हे ते आमच्या गावच्या, ताडकळसच्या बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता कुणालाही समजावून सांगत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सगळी नोकरी त्यांनी हायस्कूलला गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर खताच्या एका दुकानासमोरचा बाक ही त्यांची रोजची जागा झाली आणि तिथं बसणाऱ्या चार-दोन माणसांना, तूर आणि सोयाबीनच्या भावानंतर, म्यूऑन ऐकावा लागे.

ते सांगत ते बरोबरच असे. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच कण, फक्त कितीतरी पट जड. तो इवल्याशा लोहचुंबकासारखा वागतो. मोठ्या चुंबकाच्या कड्यात त्याला गोल फिरवला की भोवऱ्यासारखा डुलतो. हे डुलणं मोजता येतं, आणि ते किती असावं हे गणितानं काढताही येतं. कितीतरी वर्षं मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा जुळत नव्हते. फरक फार बारीक, दशांशचिन्हाच्या खूप पुढचा, पण जात नव्हता. डुलणाऱ्या म्यूऑनला जगातले सगळे कण हलके धक्के देत असतात, क्षणभर उमटून विरून जाणारेसुद्धा. त्या सगळ्यांचा हिशेब धरूनही फरक उरत असेल, तर आपल्याला ठाऊक नसलेला कुणीतरी धक्का देत असणार. म्हणजे नवा कण.

माझं काम त्या नव्या कणाचं होतं. मी यंत्राजवळ कधी गेले नाही. कागदावर बसून असा कण कल्पायचा, की ज्यानं हा फरक भरून निघेल आणि बाकी कुठं काही बिघडणार नाही. पीएचडी त्याच्यावर, पुढची वर्षंही त्याच्यावर. दर रविवारी अण्णांचा फोन येई, आणि तब्येत-पाणी विचारून झालं की ते विचारत, "काय, फरक तसाच हाय ना?" मी "तसाच हाय" म्हणाले की त्यांना बरं वाटे. मलाही वाटे.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तो फरक गेला.

त्या गणितातला एक भाग पहिल्यापासून अवघड होता. प्रोटॉनच्या पोटातले जे क्वार्क, त्यांच्या धक्क्यांचा भाग. तो सरळ काढता येत नाही, म्हणून पूर्वी दुसऱ्या प्रयोगांची मोजमापं उसनी घेऊन काढत. अलीकडं काही गटांनी अवकाश आणि काळाचे बारीक चौकोन पाडून, महासंगणकांवर महिनोन् महिने तोच भाग मुळापासून काढला. तो वेगळा आला. वेगवेगळ्या गटांचे आकडे एकमेकांशी जुळू लागले, आणि शेवटी गणितवाल्यांनी मिळून जो नवा आकडा दिला तो मोजलेल्या आकड्याला जाऊन टेकला. मोजणाऱ्यांनीही थोड्या दिवसांत आपला शेवटचा, सगळ्यात अचूक आकडा दिला. त्यांचं मोजमाप आधीपासून बरोबर होतं.

गणितवाल्यांचा तो शोधनिबंध मी माझ्या टेबलाशी वाचला. खाली जाऊन चहा घेतला. वर येऊन परत वाचला. धक्का म्हणावा असा बसला नाही, कारण वर्ष-दोन वर्षं वारं कुठून वाहतंय हे आम्हाला दिसत होतं. रडू आलं नाही. दोन दिवस जेवणावर वासना राहिली नाही, एवढंच. माझ्या सगळ्या कल्पिलेल्या कणांना आता काही कामच उरलं नव्हतं.

रविवारची वाट न बघता मी निबंध वाचला त्याच संध्याकाळी अण्णांना फोन केला आणि सांगितलं. ते म्हणाले, "जुळलं म्हणतीस. बरं झालं. जुळायलाच पाहिजे." आणि आईला फोन दिला.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी म्यूऑनचं काही विचारलं नाही. मी फेब्रुवारीत गावी आले तेव्हा आईनं स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं, "बाकावर जायचं बंद केलंय त्यांनी. गुडघा दुखतोय म्हणतेत. गुडघा काय दुखत न्हाई, शेतात बराबर जातेत."

"कामून मग?"

"लोक विचारतेत ना. सर, कण सापडला का म्हणून. इतकी वर्षं सांगितलंय समद्यांना. आता काय सांगावं त्यांनी?"

मला वाटत आलं होतं की नुकसान झालं ते माझं. अण्णांचंही काही गेलं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यात आणखी एक अडचण होती. अण्णा ज्या शाळेत शिकवत तिथल्या हेडमास्तरांनी विज्ञान दिनाला माझं भाषण ठेवलं होतं. हे आमंत्रण अण्णांनीच कधीकाळी हौसेनं घेऊन ठेवलेलं. विषय होता नवा कण. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला काम असंल तर न्हाई म्हणून सांगतो मी त्यांना. काही अडत न्हाई."

"काम न्हाई. पण नवा कण तर न्हाई आपल्याकडं. जुनाच दाखवावा म्हणते."

"दाखवावा म्हंजे?"

"म्यूऑन. दिसतो की तो."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "म्यूऑन दिसतो?"

"तो स्वतः न्हाई, त्याची वाट दिसते. ढगातून विमान गेल्यावर मागं रेघ राहती ना, तशी. वरून सारखे येतच असतात ते. तळहात धरला तर सेकंदाला एखादा आरपार जातो."

"इथं? ताडकळसला?"

"इथं बी."

"आन् हे तू मला आजपर्यंत सांगितलं न्हाईस?" ते रागावले नव्हते, पण खरंच चकित झाले होते. मी आठवून बघितलं. खरंच सांगितलं नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नसावं. मी स्वतः असा ढगाचा डबा एकदाच बघितला होता, विद्यार्थी असताना, दुसऱ्या कुणीतरी बनवलेला.

डबा साधा असतो. वर काचेची पेटी, खाली खूप थंड केलेला काळा पत्रा. पेटीच्या छताला स्पिरिटमध्ये भिजवलेला नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा तुकडा चिकटवायचा. त्याची वाफ खाली येता येता इतकी गार होते की तिला थेंब व्हायला नुसतं निमित्त पुरतं. कण आतून गेला की त्याच्या वाटेवर बारीक थेंब धरतात. अडचण एकच, ती म्हणजे थंडी. शहरात कोरडा बर्फ मिळतो. ताडकळसला साधा बर्फसुद्धा रसवंतीवाल्याकडं, तोही उन्हाळ्यात.

उपाय जेवताना सापडला. माझे चुलत भाऊ, ज्यांना मी दादा म्हणते, ते आमच्या शेजारीच राहतात. आसपासच्या गावांत गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करण्याचं त्यांचं काम. वळूच्या बीजाच्या कांड्या खराब होऊ नयेत म्हणून त्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवाव्या लागतात, आणि मोटारसायकलला छोटा कॅन बांधून दादा गावोगाव हिंडतात. ते अण्णांकडं कसल्याशा कामाला आले, माझं बोलणं ऐकलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "थंडीच पाहिजे ना? मग माझ्याकडं हाय की."

"लागंल तितकं देता येईल?"

"तितकं न्हाई. माझ्या कांड्या बुडून राह्यला पायजेत. पण नवा नायट्रोजन यायच्या दिवशी जुनं थोडं उरतं. ते घे." मग त्यांनी जरा संशयानं विचारलं, "फुटायचं-बिटायचं न्हाई ना काही?"

मी म्हणाले, बंद करून ठेवलं तरच फुटतं, आपण उघडं ठेवणार. दादा हे माझ्याहून चांगलं जाणत होते, पण माझ्या तोंडून ऐकून त्यांचं समाधान झालं.

बाकीच्या वस्तू जमवायला अण्णाच परभणीला गेले. मी जाते म्हणाले तर नको म्हणाले. शोभेच्या माशांच्या दुकानातून काचेची छोटी पेटी आणली. मोबाइल दुरुस्त करणारे लोक बोर्ड धुवायला जे स्पिरिट वापरतात त्याची बाटली आणली. पत्र्याला त्यांनी फळ्याला मारायचा काळा रंग दिला, दोन हात, मध्ये वाळवून. गुडघ्याचं नावही त्या दोन दिवसांत निघालं नाही.

पहिल्या खेपेला काहीच दिसलं नाही. धान्याच्या खोलीचं दार लावून, खिडकीला चादर बांधून आम्ही तिघं पेटीभोवती बसलो होतो. दादांनी थर्माकोलच्या खोक्यात नायट्रोजन ओतला, पांढरी वाफ जमिनीवर पसरली, मी पत्रा त्याच्यावर ठेवला आणि बॅटरीचा झोत आडवा धरला. पत्र्यावर हिमाची साय चढली. स्पिरिटच गोठलं. पेटीत नुसतं धुकं, तेही एका कोपऱ्यात. अर्ध्या-पाऊण तासात नायट्रोजन उडून गेला आणि दादा म्हणाले, "झालं?"

"झालं," मी म्हणाले.

अण्णा विचार करत बसले होते. "लय थंड झालं ते," ते म्हणाले. "थोडं उचलून धरलं तर?"

तेच माझ्याही मनात आलं होतं. पुढच्या खेपेला आम्ही खोक्यात विटांचे तुकडे ठेवून पत्रा वर उचलला, म्हणजे त्याला नायट्रोजन न लागता नुसती त्याची वाफ लागावी. पेटीच्या कडांतून हवा येत होती, तिथं आईनं कणकेची वात लावून दिली. मग वाट बघितली.

थोड्या वेळानं पत्र्याच्या वर बोटभर उंचीवर पाऊस पडावा तशी बारीक भुरभुर दिसू लागली. आणि त्या भुरभुरीत एक पांढरी आडवी रेघ उमटली, पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोऱ्यासारखी सरळ. क्षणभर तरंगली आणि खाली बसली.

मग आणखी एक. मग एक आखूड, जाड, खडूच्या तुकड्यासारखी.

"यातला आपला कोणता?" अण्णांनी विचारलं.

"जाड आखूड हाय तो आपला न्हाई. भिंतीतून, जमिनीतून जो किरणोत्सर्गी वायू निघतो त्याच्यातला तो. वाकडीतिकडी बारीक रेघ आली तर तो इलेक्ट्रॉन. सरळ, लांब, बारीक... तो बघा, तो! तो बहुतेक म्यूऑन."

"गेला."

"गेलाच तो."

"कुठून आला म्हणायचं ह्यो?"

मी सांगितलं. दूर आकाशातून आलेले कण हवेच्या अगदी वरच्या थरावर आपटतात, तिथं हे जन्मतात. आयुष्य इतकं थोडं की खरं तर वाटेतच मरायला हवेत. पण ते प्रकाशाच्या जवळपास वेगानं धावतात, आणि इतक्या वेगात त्यांचा काळ आपल्या हिशेबानं मंद चालतो, म्हणून जमिनीपर्यंत पोचतात. अण्णांनी हे सगळं मान हलवत ऐकलं, मग वर बघितलं.

"हा स्लॅबमधून आला?"

"स्लॅबमधून. आपल्यातून बी जातात. आन् मग खाली जमिनीत."

अण्णा पेटीवर परत वाकले. आणखी दोन रेघा गेल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं मी ह्याच्याबद्दल बोलायलोय, आन् हा माझ्याच डोक्यातून जायलाय."

आई पीठ माखलेल्या हातांनी आली, पदर सावरून वाकली आणि दोन-तीन रेघा बघितल्या. "किती घाईत हाय त्यो," ती म्हणाली आणि पोळ्या करायला परत गेली.

विज्ञान दिनाला शाळेत एका वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या टांगल्या होत्या. दादा कॅन घेऊन आले. पोरं रांगेनं आत जाऊन पेटी बघून आली आणि मग मैदानातल्या मांडवात माझं भाषण झालं. गावातली मोठी माणसंही होती. ज्यांच्या दुकानासमोर तो बाक होता ते दुकानदार पहिल्या ओळीत, मांडी घालून बसले होते. अण्णा मागं, खांबाला टेकून.

मी म्यूऑनची गोष्ट सांगितली आणि फरक जुळला तेही सांगितलं. माझ्या कामाचं काय झालं तेही सांगितलं. मी थांबल्यावर दुकानदारांनी हात वर केला, पण माझ्याकडं नाही, मागं वळून बघत म्हणाले, "म्हंजे सर, तो नवा कण न्हाईच म्हणा की."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. पण सगळी माणसं मान वळवून अण्णांकडं बघायला लागली, आणि मला वाटलं आता हे उठून निघून जाणार.

अण्णा खांब सोडून पुढं आले. "असंल बी," ते म्हणाले. "कुठंतरी असंल. पण ह्या फरकात तो दिसत न्हाई. मी तुमाला सांगितलं होतं की फरकात कण हाय, ते तसं निघालं न्हाई. मोजणाऱ्यांनी बरोबर मोजलं, आपल्या गणितात कसर होती." मग माझ्याकडं हात केला. "आता पोरगी हितं उभी हाय म्हणून सांगतो. तिचं समदं काम त्या फरकावर उभं होतं. फरक गेला तर काम गेलं. आन् ज्या दिवशी गेला त्याच दिवशी तिनं फोन करून मला सांगितलं. दडवलं न्हाई. मीच दडवायलो होतो, बाकावर यायचं सोडून."

दुकानदार म्हणाले, "आमाला वाटलं गुडघा."

मांडवात हसू फुटलं. अण्णाही हसले. मग त्यांनी हेडमास्तरांकडं खडू मागितला, फळा मागवला, आणि चौकोन पाडून गणित कसं केलं ते पोरांना समजावून सांगायला लागले. माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलले. थोडं चुकीचंही सांगितलं, ते मी तसंच जाऊ दिलं. मी खाली सतरंजीवर बसून ऐकत होते. गावी आल्यापासून मला पहिल्यांदा खरोखर भूक लागली.

घरी आम्ही दोघं चालतच आलो. रस्त्याच्या कडेनं शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिचा उग्र वास सगळीकडं भरला होता. अण्णा म्हणाले, "तुला वाटत असंल, बापाला कण पाहिजे होता. कणाचं मला काय करायचंय गं?"

"मग?"

"सारी उमर मी पुस्तकातली गणितं सोडवून घेतली. पुस्तकाच्या मागं उत्तरं असतात. पोरगं चुकलं की मागं बघायचं. हे एकच गणित असं भेटलं होतं की ज्याचं उत्तर कुणालाच माहीत न्हाई. त्याची मजा होती. आता उत्तर आलं. आनंदच हाय. पण मजा गेली."

मी म्हणाले, "सगळं जुळलेलं न्हाई अण्णा."

ते थांबले. मागून एक मोटारसायकल आली, तिला वाट देऊन मी पुढं सांगितलं. संगणकाचं गणित मोजमापाला जुळलं हे खरं. पण जुन्या रीतीनं, दुसऱ्या प्रयोगांची मोजमापं घेऊन केलेलं गणित चुकलं कुठं, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. त्या जुन्या प्रयोगांत काही आपसातच जुळत नाहीत. तेही शहाण्या माणसांनी जपून केलेले प्रयोग होते.

"हे तू भाषणात का न्हाई सांगितलंस?"

"तुमी फळा घेतला ना."

"हां," ते म्हणाले, आणि पुढं निघाले.

चार दिवसांनी ते मला पूर्णा स्टेशनला सोडायला आले. गाडीला उशीर होता. प्लॅटफॉर्मवर आम्ही शेंगा खात बसलो होतो तेव्हा मी त्यांना सांगितलं की आता नवे कण कल्पायचं थांबवून त्या जुन्या आकड्यांच्या भांडणात उतरायचा विचार आहे. नाव व्हावं असं ते काम नाही. बारीक तपासणी, दुसऱ्यांच्या मोजमापांची उलटतपासणी, वर्षानुवर्षं. माझ्या बरोबरीचे काही जण दुसऱ्या, नव्या विषयांकडं गेले होते, आणि मलाही तसा सल्ला मिळाला होता.

अण्णांनी टरफलं रुमालात गोळा केली. "पेपर तपासायचं काम हाय म्हण की."

"तसंच म्हणा."

"कंटाळवाणं असतं ते. मी केलंय." मग रुमालाला गाठ मारत त्यांनी विचारलं, "दोन प्रयोग आपसात जुळत न्हाईत म्हणतीस. त्यातला एक चुकलाय, का दोन्ही?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. गाडीचा आवाज आला तसे ते उठले, आणि मी नको म्हणत असताना माझी बॅग उचलून डब्यापर्यंत चालत आले.